ट्रॅपखालच्या धातूंचा शोध : विसरवाडी परिसराच्या निमित्ताने काही अनुमानांचे परीक्षण

धुळ्याहून सुरतेकडे जाणारा महामार्ग कोंडाईबारीचा घाट उतरून विसरवाडीस येतो. ह्या वाटेवर खडक पाहणाऱ्याच्या दृष्टीस एकच जात पडते, ती दक्षिण ट्रॅपची. लाव्ह्याच्या थरांवर थर, त्यांतील पोकळ्यांत झिओलाइटाचे स्फटिक भरलेले भुसभुशीत पट्टे, आणि ह्या सर्वांना छेदून पूर्व-पश्चिम धावणाऱ्या, शेतांतून कण्यासारख्या वर आलेल्या भित्ती. डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड ह्यांनी तापी व नर्मदेच्या खालच्या खोऱ्यांचे भूवर्णन १८६९ साली प्रसिद्ध केले, तेव्हापासून ह्या मुलुखाची ओळख हीच राहिली आहे. ट्रॅपच्या तळाशी काय आहे, हे विसरवाडीच्या आसपास जमिनीवरून कळण्याची सोय नाही.

अशा प्रदेशात तांबे, शिसे किंवा जस्त शोधावे ही कल्पना आपल्याकडे दीर्घकाळ कोणी फारशी मनावर घेतली नाही. धातूचा शोध घेणारा प्राचीन खडक जेथे उघडा आहे तेथे जात असे. सिंगभूम, खेत्री, जावर, मलांजखंड ही सर्व ठिकाणे त्याच वाटेवरची, आणि त्यांतील बहुतेक ठिकाणी पूर्वीच्या खाणकऱ्यांच्या खुणाही होत्या. २०१६ च्या राष्ट्रीय खनिज समन्वेषण धोरणाने मात्र खोलवर झाकलेल्या निक्षेपांकडे लक्ष वळविले आणि त्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या 'अनकव्हर' ह्या उपक्रमाचा आदर्श पुढे ठेवला. खाण व खनिजे कायद्यात २०२३ साली दुरुस्ती होऊन २९ खनिजांसाठी समन्वेषणाचा स्वतंत्र परवाना निर्माण झाला. त्या यादीत तांबे, शिसे आणि जस्त तिन्ही आहेत. म्हणजे ट्रॅपखालच्या खडकाविषयीची अनुमाने आता केवळ शोधनिबंधांत राहणार नाहीत, त्यांच्या आधाराने छिद्रणाच्या जागा ठरू शकतील. ही अनुमाने किती भार पेलतील, हे त्यामुळे आधी पाहणे भाग आहे.

प्रारंभ 'आच्छादन' ह्या शब्दापासूनच केला पाहिजे, कारण सर्वांत मोठा घोटाळा तेथेच आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील ऑलिम्पिक डॅमचा निक्षेप १९७५ साली सापडला, तो तीनशेहून अधिक मीटर जाडीच्या, आडव्या, शांतपणे साचलेल्या गाळाच्या खडकांखाली. गुरुत्वीय आणि चुंबकीय अशा दोन्ही मापनांत एकाच जागी उठाव दिसला, म्हणून तेथे छिद्र घेतले गेले. वरचा गाळाचा खडक ह्या दोन्ही मापनांना जवळजवळ पारदर्शक होता. तळाच्या खडकाची हाक त्यातून स्पष्ट वर येत होती. शिवाय सुमारे शंभर किलोमीटरांवर माउंट गन्सन येथे गाळाच्या खडकांतील तांबे आधीपासून ठाऊक होते. पहिल्या छिद्राने आशा दाखविली, पण निक्षेपाची खरी थोरवी कळण्यास दहाव्या छिद्रापर्यंत, म्हणजे १९७६ च्या अखेरीपर्यंत थांबावे लागले. आणि एक गोष्ट विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावी : शोधाला निघालेल्यांच्या मनात चित्र वेगळेच होते. प्राचीन बेसाल्टातून झिरपून सुटलेले तांबे वरच्या गाळाच्या थरांत साचले असावे, अशी त्यांची कल्पना होती. सापडला तो ग्रॅनाइटातील हेमेटाइटयुक्त भग्न खडकाचा प्रचंड साठा. कल्पना चुकली, पण वरचे आच्छादन पारदर्शक होते म्हणून चुकीची कल्पनाही योग्य जागी घेऊन गेली. खान्देशात ही सवलत मिळणार नाही.

खान्देशातील आच्छादन एक नाही. तापीच्या काठाने, विशेषतः उत्तरेकडे सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत, जाड गाळ साचलेला आहे. त्याखाली ट्रॅप. ट्रॅपच्या खाली काही ठिकाणी मध्यजीव काळातील गाळाचे खडक असावेत असे अनुमान आहे. आणि त्यांच्याही खाली स्फटिकी पाया. ह्यांपैकी ट्रॅप हा मुळीच पारदर्शक नाही. तो स्वतः चुंबकीय आहे, प्रत्येक लाव्हाप्रवाहाचे चुंबकत्व निराळे आहे, आणि त्याला उभ्या भित्तींनी चिरलेले आहे. रंजिनी रे, हेतु शेठ व ज्योतिर्मय मल्लिक ह्यांनी २००७ साली नंदुरबार–धुळे भित्तीसमूहाचे जे मापन प्रसिद्ध केले, त्यात सुमारे १४,५०० चौरस किलोमीटर क्षेत्रात एक किलोमीटरहून लांब अशा २१० भित्ती नोंदल्या आहेत. त्यांची जाडी ३ पासून ६२ मीटरपर्यंत, तर सर्वांत लांब भित्ती ७९ किलोमीटरांची. अशा प्रदेशावरून चुंबकमापक फिरविला तर नकाशावर प्रथम उमटतील त्या भित्तीच. ऑलिम्पिक डॅमच्या पद्धतीने 'उठाव दिसला, छिद्र घ्या' असे येथे कोणी म्हणू लागला तर त्याच्या छिद्रातून डोलेराइटच निघण्याचा संभव मोठा.

ह्याच निबंधातील आणखी एक निष्कर्ष धातुशोधाच्या दृष्टीने महत्त्वाचा असूनही सहज नजरेआड होण्यासारखा आहे. ह्या भित्ती आधीच्या भ्रंशांच्या किंवा भेगांच्या आधाराने घुसलेल्या नाहीत, असे लेखकांचे प्रतिपादन आहे. त्या वेळी प्रदेशावर उत्तर-दक्षिण ताण होता, एवढेच त्यांच्या दिशेवरून सिद्ध होते. उपग्रहचित्रावरील प्रत्येक सरळ रेषेला भ्रंश ठरवावयाचे, भ्रंशाला द्रवांचा मार्ग ठरवावयाचे आणि दोन रेषा जेथे छेदतात तेथे निक्षेपाची खूण करावयाची, ही रीत प्रकल्प-प्रबंधांत अद्याप सर्रास दिसते. विसरवाडी परिसरातील रेषांपैकी पुष्कळशा भित्तीच असल्यामुळे येथे ती रीत पहिल्याच पायरीवर ढासळते.

आता ट्रॅपखालच्या गाळाच्या खडकांकडे वळावे. ह्या विषयावरील सर्वाधिक वजनदार लेखन म्हणजे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे के. एल. कैला ह्यांचा निबंध. तो १९८८ साली भारतीय भूवैज्ञानिक सोसायटीच्या दहाव्या स्मृतिग्रंथात प्रसिद्ध झाला. कृत्रिम स्फोटांच्या लहरी दूरवर टिपून खोलवरच्या थरांचा छेद काढण्याच्या पद्धतीवर तो आधारलेला आहे. निबंधाच्या शीर्षकात ट्रॅपच्या जाडीच्या 'मापना'चा आणि नर्मदा-तापी भागातील लपलेल्या मध्यजीव द्रोणीविषयीच्या 'अनुमानां'चा असा भेद स्पष्टपणे केलेला आहे. हा प्रामाणिकपणा प्रशंसनीय होय. दोष आहे तो वाचण्याच्या रीतीत : मूळ लेखकाने अनुमान म्हटले, ते पुढे अवतरण घेणाऱ्यांच्या लेखणीतून वस्तुस्थिती होऊन बाहेर पडते.

अनुमान कसे होते ते नीट पाहिल्यास त्याची मर्यादाही कळते. प्रणमनाच्या पद्धतीत खालच्या थराची वार्ता वर यावयाची तर त्या थरातील लहरींचा वेग वरच्याहून अधिक असावा लागतो. बेसाल्टातील वेग सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर. त्याखालच्या वालुकाश्म-शेलांतील वेग त्याहून पुष्कळ कमी. म्हणून हा मधला थर स्वतःची लहर पृष्ठभागापर्यंत धाडीतच नाही. त्याचे अस्तित्व ओळखावयाचे ते दोन खुणांवरून : काही अंतरावर बेसाल्टाची लहर क्षीण होऊन नाहीशी होते, आणि पायाची लहर अपेक्षेहून उशिरा पोहोचते. उशीर मोजता येतो, जाडी मोजता येत नाही. ती काढण्यासाठी लपलेल्या थराचा वेग आधी गृहीत धरावा लागतो. वेग थोडा बदलला की जाडी बदलते. शिवाय ट्रॅपमध्ये घट्ट आणि पोकळ्यांनी भरलेले, कुजलेले पट्टे आलटून पालटून असतात. नंदुरबार–धुळे भागातील लाव्हा तर बव्हंशी असाच कुजलेल्या संयुक्त प्रवाहांचा आहे. त्या पट्ट्यांमुळेही वेग घटतो, आणि उशिराचा काही वाटा त्यांच्या खाती टाकावा लागतो. एवढे मान्य केल्यावरही द्रोणी नाहीच असे म्हणता येणार नाही. तिची खोली सांगताना मात्र मीटरांचे आकडे फार आत्मविश्वासाने मांडू नयेत.

त्याहून मोठी अडचण स्थानाची आहे. खान्देशाला जवळची मापनरेषा थुआदरा–सेंधवा–सिंदाड ही. ती विसरवाडीच्या पूर्वेला शंभराहून अधिक किलोमीटरांवर आहे. पश्चिमेची मेहमदाबाद–बिलिमोरा रेषा गुजरातेत, तीही साधारण तितक्याच अंतरावर. विसरवाडी ह्या दोहोंच्या मधोमध पडते. नकाशावर ट्रॅपखालच्या द्रोणीची रेषा विसरवाडीवरून ओढणे म्हणजे दोन काठ पाहून मधल्या पाण्याची खोली सांगणे होय. कदाचित ती बरोबरही निघेल. पण छिद्रणासाठी जागा निवडताना 'नकाशात दाखविले आहे' हे कारण पुरेसे होणार नाही.

जेथे प्रत्यक्ष छिद्र पाडून पाहिले गेले, तेथील अनुभव ह्या बाबतीत उद्बोधक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले गेले. त्यात ट्रॅप ३३८ मीटरांचा निघाला, त्याखाली केवळ आठ मीटर गाळाचा खडक, आणि लगेच पाया. कोयनेच्या एका छिद्रात ९३२ मीटरांवर बेसाल्ट संपून थेट ग्रॅनाइट-नीस लागला, मध्ये गाळाचा थर नाही. त्याच परिसरात पुढे तीन किलोमीटरांहून खोल गेलेल्या पथदर्शी छिद्रात ट्रॅपची जाडी १,२४७ मीटर भरली. उलट सौराष्ट्रात लोधिका येथे तेलशोधासाठी घेतलेल्या विहिरीत ट्रॅपखाली मध्यजीव खडकांची भरघोस जाडी आढळली. तात्पर्य काढावयाचे तर इतकेच की ट्रॅपचा तळ सपाट पाट नाही. जुन्या डोंगरदऱ्यांवर तो ओतला गेला. दरीत गाळ उरला, माथ्यावर उरला नाही.

विद्युत् चुंबकीय पद्धतींपैकी मॅग्नेटोटेल्यूरिक पद्धतीवर अलीकडे बराच भरवसा ठेवला जातो. बेसाल्ट विजेला विरोध करतो, खाऱ्या पाण्याने भरलेला गाळाचा खडक वाट देतो. म्हणून ही पद्धत ट्रॅपखालचा गाळ चांगला दाखविते, यात शंका नाही. परंतु तिला कळतो तो थराची जाडी आणि त्याची वाहकता ह्यांचा गुणाकार. पातळ पण अतिवाहक थर आणि जाड पण मध्यम वाहक थर ह्यांत ती सहसा भेद करू शकत नाही. गाळाचा शोध घेणाऱ्याला ही त्रुटी सोसते. धातूचा शोध घेणाऱ्याला ती घातक होते, कारण सल्फाइड, ग्रॅफाइट आणि खारे पाणी तिच्या लेखी एकाच पंक्तीतले. त्यातून वरचा गाळच वाहक असला तर त्याखालच्या सल्फाइडाची खूण त्याच्या सावलीत बुडून जाते. जो थर सापडल्याचा आनंद मानावयाचा, तोच पुढच्या शोधाला आडवा येतो!

इथपर्यंत प्रश्न गाळाच्या खडकांचा झाला. गाळ आहे, म्हणून धातू असावा, ही पुढची उडी आहे आणि ती कोणत्याही मापनावर आधारलेली नाही. तिला दृष्टांतांचा आधार दिला जातो. पोलंडमध्ये यान विझिकोव्स्की ह्यांनी १९५७ साली सहाशे मीटरांहून अधिक खोलीवर तांबे गाठले, हे खरे. पण ते ज्या काळ्या शेलात गाठले त्याच वयाच्या थरातून जर्मनीत मान्सफेल्ड येथे शतकानुशतके तांबे काढले जात होते. ज्ञात थराचा माग काढीत ते खाली उतरले. खान्देशात माग काढावा असा तांबेयुक्त थर कोणता? नर्मदाखोऱ्यात बाघचे थर आणि निमाडचा वालुकाश्म उघडे आहेत. ते ट्रॅपखाली दक्षिणेकडे जात असतील, पण तांब्यासाठी त्यांची ख्याती नाही.

दुसरा दृष्टांत सायबेरियातील नोरिल्स्कचा, आणि तो अधिक मोहक आहे, कारण तेथेही ट्रॅपच आहे. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या लाव्ह्याशी निगडित घुसखोर खडकांत निकेल-तांब्याचे जगप्रसिद्ध साठे आहेत. तालनाखचा साठा तर १९६० साली सापडला. मग सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वीच्या दक्षिण ट्रॅपात ते का नसावेत? बहुसंख्य अभ्यासकांच्या मते नोरिल्स्कच्या शिलारसाने वाटेतील ॲनहायड्राइटाचे थर पचविले, त्यातून गंधक मिळाला आणि धातू सल्फाइडाच्या रूपाने वेगळे होऊन खाली बसले. तेव्हा खरा प्रश्न ट्रॅपचा नाही, गंधकाचा आहे. तापीखालच्या अनुमानित द्रोणीत मिठाचे किंवा ॲनहायड्राइटाचे थर असल्याचे दाखविणारा पुरावा पुढे आला तर नोरिल्स्कचे नाव घेणे शोभेल. तोपर्यंत दोन्हीकडे काळा खडक आहे, एवढ्यावर ही तुलना उभी राहते.

ह्या सर्व परोक्ष पुराव्यांच्या गर्दीत एक प्रत्यक्ष साक्षीदार मात्र काहीसा उपेक्षित राहिला आहे. तो म्हणजे भित्तीच. वर येताना शिलारसाने पायाचे तुकडे तोडून आणले. धुळे परिसरातील राजमाने आणि तळवाडे येथील भित्तींत सापडलेल्या अशा परक्या शिलाखंडांचा अभ्यास रंजिनी रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केला. त्यात नीस, क्वार्टझाइट, ग्रॅनाइटाचा मायलोनाइट, फेल्सिक ग्रॅन्युलाइट, कार्बोनेटी खडक व टफ इतकी विविधता आढळते, आणि मध्य दख्खनच्या ट्रॅपखालचा पाया अत्यंत विषम असून धारवाडी खडकांशी नाते सांगणारा आहे, असे लेखकांचे मत आहे. छिद्रणाचा पै-पैसा खर्च न करता निसर्गाने हाती दिलेला हा गाभा होय. भूभौतिकी नकाशात जो पाया एकाच रंगाने भरला जातो, त्यात इतक्या जातींचे खडक असतील तर धातुशोधाच्या दृष्टीने ती फार मोठी बातमी आहे. ह्या निबंधाचे मोल ह्या अंगाने अद्याप ओळखले गेलेले दिसत नाही.

तरीही साक्षीदाराची उलटतपासणी हवीच. दोन भित्तींची साक्ष संपूर्ण भित्तीसमूहाला लावता येणार नाही. लांब भित्तींतील शिलारस उभा न येता आडवा वाहत आलेला असावा, असे ह्याच गटातील २००७ च्या निबंधात म्हटले आहे. तसे असेल तर तुकडा जेथे सापडला त्याच्या बरोबर खालचाच तो आहे असे गृहीत धरता येत नाही. आणि सर्वांत सूक्ष्म गोष्ट ही की शिलारसात सर्वच खडक सारखे टिकत नाहीत. क्वार्टझाइट टिकतो, शेल विरघळतो, सल्फाइड तर सर्वांआधी वितळते. म्हणून ह्या तुकड्यांत धातुपाषाण मिळाला नाही, यावरून पायात धातू नाही असे ठरत नाही. तुकडे पायाची जात सांगतील, त्याच्या संपत्तीविषयी मौन पाळतील. सल्फाइड वितळून शिलारसात मिसळले असेल तर त्याची खूण भित्तीच्या खडकातच शोधावी लागेल. गंधकाच्या समस्थानिकांचे पृथक्करण आणि निकेल-तांब्याचे बदलते प्रमाण हे त्याचे मार्ग आहेत.

तुलनेसाठी विदर्भाकडे पाहावे. तेथे ट्रॅपची पूर्वेकडील कड संपते आणि प्राचीन खडक उघडे होतात. नागपूर जिल्ह्यात साकोली खडकांच्या पट्ट्यात कोलारी–भानोरी येथे जस्त, पुलर–परसोडी येथे तांबे, आणि पुढे चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना येथे तांबे आढळलेले आहे. झाकलेल्या खडकात धातू शोधावयाचा तर ज्ञात खडक जेथे आच्छादनाखाली शिरतो त्या कडेपासून आत सरकणे अधिक सयुक्तिक. पोलंडमध्ये हेच झाले. विसरवाडी अशा कोणत्याही कडेपासून फार दूर आहे. एकाच निधीतून दोन्ही ठिकाणी छिद्रे घ्यावयाची असतील तर पहिले छिद्र कोठे असावे, ह्याविषयी मतभेदास फारशी जागा नाही.

हा प्रश्न केवळ शास्त्रीय पसंतीचा नाही. नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. उकाई धरणाच्या पाण्याखाली जमिनी गेल्याची आठवण ह्या बाजूच्या आदिवासी कुटुंबांत जिवंत आहे. १९९६ च्या पंचायतविस्तार कायद्यात गौण खनिजांच्या परवान्यापूर्वी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस आवश्यक ठरविली आहे. तांबे, शिसे व जस्त ही गौण खनिजे नव्हेत. त्यांच्या समन्वेषणाच्या बाबतीत ग्रामसभेच्या हाती तेवढाही अधिकार त्या कलमाने येत नाही. त्यामुळे अनुमान कच्चे असेल तर ते अडविणारी पहिली जागा शोधनिबंधाच्या परीक्षकाची राहते. ही जबाबदारी विद्यापीठीय वर्तुळात कितपत ओळखली जाते, हा वेगळाच विषय आहे.

आणि पाण्याची गोष्ट आहे. येथील भित्ती भूजलाच्या वाटेत उभ्या आहेत. घट्ट भित्तीच्या चढाकडच्या बाजूस पाणी अडून राहते, भेगाळलेल्या भित्तीतून ते लांबवर वाहत जाते. विहीर कोठे लागते आणि कोठे कोरडी जाते ह्याचा पुष्कळसा उलगडा त्यातून होतो. शेकडो मीटर खोल छिद्राने असे दोन अडविलेले साठे एकमेकांस जोडले आणि छिद्र नीट बुजविले नाही, तर वरच्या विहिरींचे पाणी खाली उतरण्याचा धोका आहे. छिद्र घेण्यापूर्वी सभोवतालच्या विहिरींची पातळी निदान एक वर्षभर, उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर, नोंदली गेली पाहिजे. त्याच फेरीत भित्तींची तपासणीही होऊ शकते, कारण विहिरी बहुधा भित्तींच्या आश्रयानेच खोदलेल्या असतात. विहिरीच्या काठावर काढून टाकलेल्या दगडांच्या राशीत ताजा, न कुजलेला डोलेराइट मिळतो. राजमाने–तळवाडेसारखा परका तुकडा विसरवाडीच्या बाजूस आहे की नाही, हे प्रथम त्या राशींतच पाहावयास हवे.